प्रकल्प नोंदी : पोस्टर, पहिला तास आणि मध्यंतर

५ जून २०२५

२० जून १९७५ला अमेरिकेत 'जॉज' लागला आणि १५ ऑगस्ट १९७५ला आपल्याकडे 'शोले'. दोघांनाही यंदा पन्नास वर्षं होतायत. कोल्हापुरातल्या आमच्या फिल्म क्लबने यानिमित्त एक छोटं प्रदर्शन करायचं ठरवलं आहे आणि मांडणीचं काम माझ्याकडे आलं आहे. मजकुराला माझा संकलक मित्र सोबत आहे.

नुसती जुनी पोस्टरं भिंतीवर लावायची नाहीत, हे आमचं पहिल्याच बैठकीत ठरलं. तशी प्रदर्शनं खूप झाली. लोक येतात, 'अरे वा, हा पिक्चर!' म्हणतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. आम्हाला दाखवायचं आहे ते वेगळं. पोस्टर प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न पेरतं, आणि सिनेमाचा पहिला तास त्याच प्रश्नावर काम करतो. या दोघांचं जमलं की माणूस खुर्चीला खिळतो. जमलं नाही, तर पोस्टर कितीही देखणं असो, प्रेक्षक मध्यंतरात घड्याळ बघतो.

मांडणी अशी : प्रत्येक फलकावर डावीकडे पोस्टर आणि उजवीकडे सिनेमाची मिनिटांची पट्टी. कोणती गोष्ट कितव्या मिनिटाला कळते आणि कोणती लपवून ठेवली जाते, ते त्या पट्टीवर खुणा करून दाखवायचं.

९ जून

सुरुवात कोल्हापुरापासूनच करायची, यावर दुमत नव्हतं. बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. मावसभाऊ-चुलतभाऊ नात्याच्या घोळात न शिरता फलकावर फक्त 'आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू' एवढंच लिहिलं आहे. दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. १९१६ला आनंदराव गेले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

नाटकाचा पडदा रंगवणारा माणूस सिनेमाचं पोस्टर रंगवू लागतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षक काही वेळ त्या रंगवलेल्या पडद्यासमोरच बसलेला असतो. पात्र येण्याआधी त्याचं मन त्या जागी पोचवायचं काम पडदा करतो. पोस्टर तेच काम रस्त्यावर करतं.

त्यांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चित्रमय पोस्टर मानलं जातं. आता यात गंमत बघा. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट महाराष्ट्रातल्या पोराटोरालाही पाठ. 'सैरंध्री'तल्या कीचकवधाचंही तेच. मग 'पुढे काय होणार?' हा प्रश्न उरतच नाही. तरी गर्दी लोटायची, कारण पोस्टर विचारत होतं : 'हे घडताना कसं दिसलं असेल?' ऐकलेलं डोळ्यांनी बघायला मिळणार, हेच आमिष. आपल्या सिनेमाची सुरुवातच माहीत असलेल्या कथांवर झाली, त्यामुळे उत्कंठा ही फक्त शेवट लपवूनच निर्माण होते, हा समज आपल्याला कधीच लागू नव्हता. पहिल्या फलकाचा मुख्य मजकूर हाच.

१४ जून

'जॉज'च्या फलकावर काम. आज पोस्टर मोठ्या स्क्रीनवर उघडून बराच वेळ नुसतं बघत बसलो.

हे चित्र रॉजर कॅस्टेलचं. मुळात ते कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी काढलेलं होतं, तिथून पोस्टरवर आलं. वर लाल अक्षरांत नाव. त्याखाली पाण्याची रेघ. त्या रेघेवर एक तरुणी पोहतेय, अगदी लहानशी, आडवी. आणि खालून उभा वर येणारा शार्क, जबडा उघडा. तिचं त्याच्याकडे लक्ष नाही. चित्रातली एकही व्यक्ती आपल्याकडे बघत नाही, ओरडत नाही, पळत नाही. घडायचं ते अजून घडलेलं नाही, आणि ते फक्त आपल्याला ठाऊक आहे.

मांडणीच्या दृष्टीने बघितलं तर चित्रात एक आडवी आणि एक उभी अशा दोनच दिशा आहेत. त्या जिथे मिळणार तिथे ती मुलगी. डोळा आपोआप खालून वर जातो, म्हणजे शार्कच्याच वाटेने. आपण नकळत त्याच्या बाजूने बघायला लागतो.

यानंतर सिनेमाची सुरुवात लावली. पहिलंच दृश्य पाण्याखालचं. कॅमेरा समुद्रतळावरच्या वनस्पतींमधून पुढे सरकतोय, जॉन विल्यम्सच्या संगीतातले ते दोन सूर जवळ येतायत. मग एकदम किनाऱ्यावरची शेकोटी, गिटार, तरुण पोरं. त्यातली एक मुलगी रात्री पोहायला जाते आणि कॅमेरा पुन्हा पाण्याखालून तिच्याकडे वर बघतो. पोस्टरची चौकट जशीच्या तशी, फक्त त्यातला शार्क वगळलेला!

मित्र म्हणाला, "वगळलेला कुठे? पोस्टरवरून आपण तो डोक्यात घेऊनच आत आलोय. दिग्दर्शकाने तो परत कशाला दाखवायचा?"

फलकावर हेच वाक्य टाकायचं.

१५ जून

'जॉज'ची पट्टी पूर्ण झाली. लांबी १२४ मिनिटं. पहिला हल्ला पहिल्या पाचेक मिनिटांत. किनाऱ्यावर सगळ्यांदेखत लहान मुलाचा बळी जातो तो पंधरा ते वीस मिनिटांच्या दरम्यान. शार्कचं तोंड पाण्यातून नीट वर येतं ते मात्र साधारण ऐंशी मिनिटं उलटल्यावर. तोपर्यंत पाण्यात पसरणारा लाल रंग, ओढला जाणारा लाकडी धक्का.

यामागे अडचणही होती. चित्रीकरण झालं त्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वारंवार बंद पडायचा, त्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्गला तो न दाखवता चित्रीकरण करणं भाग पडलं. ही हकिकत सगळीकडे सांगितली जाते आणि ती खरी आहे. पण तेवढ्यावर थांबलं की पोस्टरचं श्रेय राहून जातं. न दिसणारा शार्क ऐंशी मिनिटं चालला, कारण देशभर भिंतीभिंतीवर, पुस्तकांच्या दुकानांत आणि टीव्हीवरच्या जाहिरातींत तो आधीच बघून झाला होता. एकाच वेळी चारशेहून अधिक थिएटरांत सिनेमा लागला, तोवर त्या चित्राने आपलं काम केलेलं होतं.

२० जून

विद्यार्थ्यांसाठी 'जॉज'चा खेळ ठेवला होता. मुलांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आधी पोस्टर नीट पाहायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच दाखवलं नाही. हॉलमध्ये नवखी मुलं होती, त्यांतल्या बऱ्याच जणांनी सिनेमा पाहिलेला नव्हता. शास्त्रीय प्रयोग म्हणावा असं यात काही नव्हतं, पण नंतरच्या गप्पांतला फरक ऐकण्यासारखा होता. पोस्टर पाहिलेली मुलं शेकोटीच्या दृश्यापासूनच अस्वस्थ झाल्याचं सांगत होती. न पाहिलेल्यांना ते दृश्य प्रेमकथेची सुरुवात वाटलं होतं. त्यांच्यासाठी हल्ला हा धक्का होता. पहिल्या गटाने तो हल्ला वाट बघत सोसला.

२५ जून

शोध घेताना हाती लागलेली एक सुंदर गोष्ट : गाण्यांच्या पुस्तिका. पूर्वी थिएटरबाहेर मिळायच्या. मुखपृष्ठावर पोस्टरचंच चित्र, आत गाणी आणि 'कथासार'. हे कथासार नेमकं ऐन मोक्याच्या जागी थांबतं आणि खाली ओळ येते : पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा. म्हणजे कथेचा सांधा कुठे आहे, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पोस्टरांबरोबर अशा पुस्तिकाही जपल्या आहेत. आमच्याकडे क्लबच्या एका सभासदांच्या वडिलांनी जमवलेला गठ्ठा आला आहे. पानं पिवळी, पिना गंजलेल्या, पण छपाई अजून शाबूत.

ठरवलं की प्रत्येक कथासार जिथे थांबतं ती जागा त्या त्या सिनेमाच्या पट्टीवर दाखवायची. ज्या पुस्तिका आहेत त्यांत ती बहुधा मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडेच पडतेय.

२८ जून

बातमी आली : इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात काल रात्री 'शोले'ची दुरुस्त केलेली, मूळ शेवट असलेली प्रत भर चौकात दाखवली गेली. आनंद झाला, आणि आमच्या कामाला अगदी हवा तो मुद्दाही मिळाला. त्यावर 'शोले'च्या फलकाच्या वेळी.

६ जुलै

शहरातले एक जुने बॅनर रंगवणारे काका भेटले. वय झालंय, पण बोलायला बसले की थांबत नाहीत. फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं, ही त्यांची पद्धत. सिनेमा उतरला की कापड पांढरं करून पुढच्याला वापरायचं. त्यामुळे हाताने रंगवलेले हजारो चेहरे आज कुठेच उरलेले नाहीत.

मी विचारलं, "काका, आधी काय रंगवायचा तुम्ही?"

"डोळं. डोळं बसलं की बाकीचं आपसूक येतंय. आणि डोळं असं बसवायचं की टांग्यातनं जाणाऱ्याला वाटलं पायजे, ह्यो माझ्याकडंच बघतोय."

चेहऱ्याच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी झाक का द्यायची, हेही त्यांनी सांगितलं. रात्रीच्या पिवळ्या बल्बखाली साधा कातडीचा रंग मरतो. दुरून, हलत्या वाहनातून, क्षणभरात चेहरा ओळखू यायला हवा, तर सावलीला रंग हवा. नायक आणि खलनायक एकाच बॅनरवर असले की कोणाची कुठली बाजू उजेडात ठेवायची, हे आधी गोष्ट ऐकून मगच ठरवायचे. "स्टोरी ऐकल्याबिगर ब्रश उचलत नव्हतो," असं म्हणाले ते.

याच परंपरेत कोल्हापूरचेच जी. कांबळे येतात, ज्यांनी १९६०च्या 'मुघल-ए-आझम'चं प्रसिद्धीचं चित्रकाम केलं. आणि पुढे दिवाकर करकरे : १९७५च्या 'दीवार'चं पोस्टर. फोटोवर तैलरंगाचे जाड, धारदार फटकारे मारून चेहऱ्यातच राग उभा करायचा, ही त्यांची रीत. 'दीवार' ही आतल्या आत धुमसणाऱ्या माणसाची गोष्ट आहे आणि ते धुमसणं पोस्टरच्या रंगलेपनातच आहे. कथेतलं एकही दृश्य न दाखवता कथेचा ताप दाखवला. मला हे 'जॉज'च्या पोस्टरइतकंच मोठं काम वाटतं, आणि त्याच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं गेलंय याची खंतही वाटते.

१३ जुलै

'सायको'. १९६०. याचा फलक लहान ठेवतेय, पण तो वगळता येणार नाही.

पोस्टरवर नायिका जॅनेट ली ठळक. सिनेमा सुरू होतो तोही तिच्याच मागे : फिनिक्स शहर, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. ती मालकाच्या गिऱ्हाइकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन पळते, रस्त्यात काळ्या चष्म्याचा पोलिस, गाडीची अदलाबदल, पाऊस, मोटेल. सगळे प्रश्न पैशांचे : सापडेल का, परत करेल का? आणि १०९ मिनिटांच्या सिनेमात सत्तेचाळीसाव्या मिनिटाच्या आसपास तिचाच खून. पोस्टरने जिचं वचन दिलं, तिलाच कथेने काढून घेतलं. त्या क्षणानंतर या सिनेमात कोणीच सुरक्षित उरत नाही.

म्हणून तर दिग्दर्शक हिचकॉकने थिएटरांना सक्त अट घातली होती, सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. तेव्हा अमेरिकेत लोक खेळाच्या मध्येच येऊन बसायचे. उशिरा आलेला माणूस मेलेल्या नायिकेची वाट बघत राहिला असता. दारावर हिचकॉकचा घड्याळाकडे बोट दाखवणारा उभा पुठ्ठा ठेवला गेला, आणि ती अट हीच जाहिरात झाली.

'जॉज'चं पोस्टर सिनेमाने लपवलेलं दाखवतं. 'सायको'चं पोस्टर सिनेमा जे हिरावून घेणार तेच पुढे करतं. दोन्ही वेळा पोस्टर करणाऱ्याला पहिल्या तासाची रचना ठाऊक असणं गरजेचं होतं.

१९ जुलै

'शोले'. संबंध आठवडा याच फलकावर गेला.

गब्बर कधी दिसतो? तासाभरानंतर. त्याआधी त्याचं नाव ऐकू येतं, त्याची माणसं धान्य न्यायला गावात येतात, मार खाऊन परततात. मग खडकांवरून चालणारे बूट, दगडावर घासत जाणारा पट्टा. चेहरा नंतर. शार्कसारखंच : आधी परिणाम, मग आवाज, मग शरीर. दोन महिन्यांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना लागलेल्या दोन सिनेमांनी खलनायकाला अशा एकाच पद्धतीने आणलं, हे दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर स्पष्ट दिसतं.

पोस्टरच्या बाबतीत मात्र दोघे उलट टोकांना. 'जॉज'चं पोस्टर खलनायकानेच भरलेलं. 'शोले'च्या प्रसिद्धीचा भर ताऱ्यांवर : धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी, अमिताभ, जया. अमजद खान नवा होता. प्रेक्षक ओळखीच्या माणसांना भेटायला आत आला आणि अनोळखी चेहऱ्याने त्याला पकडलं. गब्बरविषयी कुठलीच अपेक्षा नव्हती, हीच त्याची ताकद ठरली. सुरुवातीचे दिवस थंड गेले, मग तोंडोतोंडी बोलबाला झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात सिनेमा पाच वर्षं राहिला. पुढे संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या तर घराघरातली पोस्टरंच.

पण रचनेतली सगळ्यात मोठी करामत वेगळीच आहे : ठाकूरची शाल. पहिल्या प्रसंगापासून ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोणी विचारत नाही. होळीच्या हल्ल्यात बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते, जय-वीरूला तिची गरज असते आणि ठाकूर ती उचलत नाही. तेव्हा पहिल्यांदा चीड येते, प्रश्न पडतो. मग पूर्वकथा, आणि शाल खाली. इतका वेळ उघड्यावर ठेवलेली गोष्ट मध्यंतराच्या सुमारास अशी उलगडते, की उरलेल्या सिनेमाला नवा प्रश्न मिळतो : हात नसलेला माणूस सूड कसा घेणार?

इथे बोलोन्याची बातमी कामाला येते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळे ठोकलेल्या बुटांनी ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला ते चाललं नाही, शेवट बदलून पोलिस आणावे लागले. आपण सगळे तोच बघत वाढलो आणि तरीही कुठेतरी काहीतरी अडल्यासारखं वाटायचं. मध्यंतरात घातलेल्या प्रश्नाचं उत्तर पायांनीच द्यायचं होतं, आणि ते अर्ध्यात थांबवलं गेलं.

२२ जुलै

मध्यंतराचा वेगळा फलक करायचाच. हॉलीवूडच्या तीन अंकी पटकथेची आकृती आपल्याकडे जशीच्या तशी शिकवली जाते, पण आपला प्रेक्षक अर्ध्यावर उठतो, बटाटेवडा खातो, शेजाऱ्याशी बोलतो आणि परत येतो. त्याला परत आणणारी गाठ वेगळी मारावी लागते.

'सैराट' (२०१६) याचं ताजं उदाहरण. सुरुवात क्रिकेटच्या सामन्याने, लाउडस्पीकरवरच्या खुसखुशीत कॉमेंट्रीने. अजय-अतुलची गाणी आधीच गावोगाव वाजत होती. पोस्टरचं काम खरं तर त्या गाण्यांनी केलं. आणि गाणी पूर्वार्धातच संपतात. उत्तरार्धात हैदराबाद, झोपडपट्टी, भांडणं, डोशाची गाडी. ज्या वचनावर प्रेक्षक आला ते पूर्ण करून झाल्यावर दिग्दर्शक त्याला दुसऱ्याच सिनेमात नेतो, आणि तोवर आर्ची-परश्याला सोडून कोणाला उठवत नाही.

'संत तुकाराम' (१९३६) मात्र पट्टीवर फार वरच, पहिल्या काही मिनिटांतच, खूण मागतो. तुकारामांचा अभंग विष्णुपंत पागनीस गातात, आणि लगेच सालोमालो तोच अभंग आपला म्हणून नाटकी थाटात म्हणतो. सगळ्यांना माहीत असलेल्या चरित्रात खरं-खोटं असा ताण एका गाण्याच्या दोन चालींतून आला. मुंबईत हा सिनेमा वर्षाहून जास्त चालला.

२ ऑगस्ट

शेवटचा फलक आजच्या पोस्टरचा : मोबाइलवरची बोटभर चौकट. २०१७ साली नेटफ्लिक्सच्याच तंत्रज्ञांनी जाहीरपणे मांडलं होतं, की एकाच सिनेमासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकाला वेगवेगळं चित्र दाखवता येतं. त्यांचंच उदाहरण 'गुड विल हंटिंग'चं : प्रेमकथा बघणाऱ्याला नायक-नायिका, विनोदी बघणाऱ्याला त्यातला विनोदी नट रॉबिन विल्यम्स.

मला यात खरी काळजी वाटते. भिंतीवरचं पोस्टर सगळ्या गावाला एकच प्रश्न विचारायचं आणि दिग्दर्शक त्या एका प्रश्नावर पहिला तास बांधू शकायचा. आता प्रत्येक जण वेगळं वचन घेऊन सिनेमात शिरतो. रॉबिन विल्यम्सचं हसू बघून आलेला माणूस हसण्याची वाट बघत बसणार, आणि सिनेमा त्याला त्याआधी बरंच काही सांगत असणार. तो दहाव्या मिनिटाला बंद करेल तर दोष कथेचा नाही.

विद्यार्थ्यांना दिलेलं काम : 'जॉज'चं पोस्टर अंगठ्याएवढं करून बघा. सगळ्यांच्या लक्षात आलं, पोहणारी मुलगी दिसेनाशी होते. उरतो फक्त जबडा. प्रश्न जातो, नुसतं भय उरतं. हे दोन्ही आकार शेजारी शेजारी छापतोय.

११ ऑगस्ट

फलक छपाईला गेले. फ्लेक्स नको, कापडावर छापायचे, हा माझा हट्ट मान्य झाला. काका उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येऊन एका कोऱ्या कापडावर चौकटी पाडून डोळे रंगवायला सुरुवात करणार आहेत. ते प्रदर्शनाच्या दिवसांत चालूच राहील, लोकांना बघता येईल.

एक निर्णय उरला होता : 'शोले'च्या पट्टीचा शेवट कोणता छापायचा? मित्राचं म्हणणं, लोकांनी पन्नास वर्षं जो पाहिला तो. माझं म्हणणं, दोन्ही. पट्टी शेवटाला दुभंगते, वरच्या फाट्यावर पोलिस, खालच्यावर बूट, आणि खालच्या फाट्यापासून एक तांबडी रेघ मागे मध्यंतरापर्यंत, शालीच्या खुणेपाशी जाते. तसंच छापायला दिलं आहे. 'जॉज'ची पट्टी तिच्याबरोबर मिनिटाला मिनिट जुळवून वर टांगायची. लांबीत फरक आहे, त्यामुळे 'शोले' उजवीकडे बरीच पुढे जाईल. तिथे भिंत कमी पडतेय, म्हणून ती पट्टी कोपऱ्यावरून वळवून पुढच्या भिंतीवर न्यायची असं सुताराला सांगितलंय.